चार बटणांचा नाना

माझी बायको तिरडीवर ठेवली तेव्हा सगळी भावकी रडत होती. एकटा एक माणूस गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, तिच्या पायाकडून डोक्याकडं बघत होता. मग तो उठला आणि खांदेकऱ्यांना म्हणाला, "चार बोटं डावीकडं हाय. सरकवा. मधी घ्या."

माझा चुलतभाऊ उसळला. "नाना, मयत हाय हे! कपाट न्हाई!"

"म्हणून तर सांगतो," नाना म्हणाला. "मधी नसली की एकाच्या खांद्यावर जड पडतं. मग त्यो खांदा बदलतो. तिला हिसका बसतो. तिला आता हिसका नको."

सरकवली. नदीपर्यंत एक हिसका बसला नाही. हे कबूल करावं लागतं.

कागदावर त्याचं नाव नामदेव. आमच्या राहू गावात त्याला मधीनाना म्हणायचे. म्हणायचे असं लिहितोय, कारण आता त्याला दुसरं नाव पडलंय आणि ते माझ्यामुळं पडलंय. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो. मी चौथी पास. अक्षर वाकडं येईल, पण गोष्ट सरळ सांगतो.

"मधी हाय का?" हा त्याचा रामराम. कुणाच्या घरी गेला की आधी हा प्रश्न, मग खुशाली. पाण्याचा तांब्या पाटावर एका कडेला दिसला तर सरकवून मधी ठेवणार, मग पिणार. भिंतीवरचा देवाचा फोटो दोन्ही हातांनी धरून नीट करणार. पुतणीच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतोय, आणि हा अंतरपाटाखाली वाकून नवरा-नवरीतलं अंतर मोजतोय. भटजी म्हणाला, "अहो, मुहूर्त टळतोय!" हा म्हणाला, "मुहूर्त टळू द्या, नवरी टळती हाय. वीतभर करवल्यांकडं गेलीय."

ग्रामसभेत तर त्यानं सरपंचाला खुर्चीसकट सरकवला होता. "सरपंच, तुम्ही दीड वीत विरोधकांकडं झुकलाय." सगळी सभा हसली. सरपंच हसला नाही. पुढच्या निवडणुकीत तो खरंच तिकडं गेला.

शिरूरच्या रस्त्याला नाना स्कूटर काढायचा तर रस्त्याच्या बरोबर मधून. मागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भोंगे वाजवून मरायचे. ड्रायव्हर आयमाय काढायचे. नाना ढिम्म.

आमच्या हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याची फार मौज वाटायची. ती चुलीपुढं बसली की हा उंबऱ्यातून सांगणार, "वहिनी, भाकरी तव्याच्या मधी न्हाई." ती तव्यावरून नजर न काढता म्हणायची, "नाना, एकदा गिळली की मधीच जाती." मग त्याला तीच भाकरी वाढायची.

हे खूळ त्याला नोकरीतनं लागलं होतं. नाना आयटीआय करून लांब वरच्या मुलखात एका सरकारी प्रयोगशाळेत लागला. मधी दोन वर्षं परदेशात राहून आला. तिथं तो काय करायचा ते गावात कुणालाच कधी कळलं नाही. मला कळलं, कारण मी विचारलं, आणि नानानं माझ्यासारख्याला कळंल असं सांगितलं.

लांबच लांब नळी असते. तिच्यातली सगळी हवा ओढून काढतात. मग तिच्यातून इलेक्ट्रॉनची धार सोडतात. तिला ते बीम म्हणतात. धुळीच्या कणाला डोंगर म्हणावं इतके ते बारीक, आणि पळतात विजेसारखे. शेवटाला लोहचुंबकांच्या दोन रांगा. त्यांच्या मधून ती धार सापासारखी वळवळत जाते आणि तिच्यातनं उजेड पडतो. साधा उजेड नव्हे. त्या उजेडात झाडाचं पान स्वतःचं अन्न कसं शिजवतं, तेसुद्धा दिसतं म्हणे.

"कसलं पान? अळूचं?" मी विचारलं.

"आबा, कसलंबी. पण धार बरूबर मधनं गेली तरच. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी बाजूला गेली, की उजेड मेला."

"मग बघायचं की मधी हाय का."

"बघायचं कसं? दिसत न्हाई. मधी काय आडवं घालून बघावं तर धारच बिघडती. हात लावायचा न्हाई, आन् ठाव तर घ्यायचा."

मग त्यानं नव्या सुनेचा दाखला दिला. काळोख्या खोलीतून नवी सून चाललीय. तिच्याकडं बघायचं नाही, तिला शिवायचं नाही. चार भिंतींना चार सासवा बसवायच्या. बांगड्या जिला जोरात ऐकू येतील, तिच्या जवळून ती गेली. नळीला आतून अशी चार बटणं असतात. धार जाते तेव्हा जवळच्या बटणाला जास्त झटका, लांबच्याला कमी. समोरासमोरच्या दोघांची वजाबाकी करायची आणि बेरजेनं भागायचं.

"भागायचं कशाला?"

"सुनंनं बांगड्या जास्ती भरल्या तर सगळ्याच सासवांना आवाज मोठा येणार. म्हणून भागायचं. मग ती कुठनं गेली तेवढंच उरतं. थोरामोठ्याची लेक हाय का गरिबाची, ते जातं."

हे मला पटलं. सरकारनं सासवांचा असा उपयोग केला हे तर फारच पटलं.

ही बटणं बसवायची, त्यांच्या वायरी जोडायच्या, आकडा बरोबर येतोय का ते बघायचं, हे नानाचं काम. त्याला तीन गोष्टींचा ताठा होता. एक, हात न लावता ठाव घेणं. दोन, आकडा खोटा न लिहिणं. "झाकायचा असंल तर झाकावा. खोटा लिहू न्हाई." आणि तिसरी त्याची आरोळी: "छत्तीस वर्षं! एक वायर उलटी न्हाई!"

या तिसऱ्या आरोळीमागं मिश्रा होता. हा नानाचा तिकडचा जोडीदार. त्यानं एकदा डाव्या बटणाची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावली. धार जराशी उजवीकडं गेली. यंत्राला वाटलं डावीकडं गेली, त्यानं तिला आणखी उजवीकडं ढकललं. ती आणखी गेली, त्यानं आणखी ढकललं. शेवटी धार जाऊन भिंतीला धडकली, भोंगे वाजले, सगळं बंद. त्या माणसाला पुढं रिटायर होईपर्यंत सगळे 'उल्टा मिश्रा' म्हणायचे. जेवणाच्या रांगेतसुद्धा. "अरे उल्टा, थाली तो सीधी पकड." शेवटच्या दिवशी हारसुद्धा त्याला मुद्दाम पाठीमागून घातला. नाना ही गोष्ट शंभरदा सांगायचा आणि दरवेळी हसून खोकायचा.

एकदाच हसला नव्हता. मी विचारलं होतं, तुझी बायको कशानं गेली. तो म्हणाला, "क्वार्टरमधी एकटी व्हती. मी मशिनीपाशी. आत फोन नेऊ देत न्हाईत." मग म्हणाला, "त्या दिवशी बीम मधी व्हता, आबा. अगदी मधी." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, मीही नाही. त्याला पोरबाळ नाही. रिटायर झाल्यावर तो गावी आला आणि लोकांचे तांबे सरकवू लागला.

हौसाला लकवा मारला तो भर कांदालागणीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. दौंडच्या डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या, कुशी बदलत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील. लेक दोन महिने राहून तिच्या घरी गेली. मग मी आणि हौसा. तिची लोखंडी खाट भिंतीला लावलेली, माझी खाट हाताच्या अंतरावर. डाव्या हातानं खाटेची कड धरून ती वीत-दोन वीत इकडं-तिकडं सरकायची. एकदा मी मोटर चालू करायला गेलो आणि ती खाटेवरून पडली. तास-दीड तास फरशीवर होती. ओरडता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाना शिरूरहून चार सपाट वजनकाटे घेऊन आला. फोडले, आतलं यंत्र काढलं, खाटेच्या चार पायांखाली एक-एक बसवलं. चार वायरी एका डब्याला. डबा चुलीपाशी, माझ्या डोळ्यांसमोर.

"चार पाय म्हंजी चार बटणं," तो म्हणाला. "वहिनी कुठं सरकली ते हितं दिसंल. अधिक म्हंजी तुमच्या खाटंकडं, उणं म्हंजी भितीकडं. शून्य म्हंजी मधी. आकडा सेंटिमीटरात."

वायरींची गफलत होऊ नये म्हणून त्यानं हौसाच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या मागितल्या. भिंतीकडच्या वायरींना हिरवी, माझ्याकडच्यांना तांबडी. डब्यालाही तशाच चिकटवल्या. हौसा डोळ्यांनी सगळं बघत होती. तिचं तोंड वाकडं झालं होतं, पण मला वाटतं ती हसली. माणसाला वजनकाट्यावर ठेवलेलं कुणी बघितलंय?

डब्यावर दोन आकडे यायचे. एक तिच्या जागेचा, एक चारी काट्यांच्या बेरजेचा. खाटेचं वजन त्यानं आधीच वजा केलेलं, म्हणून बेरीज म्हणजे तिचं वजन. पहिल्या दिवशी एक्केचाळीस. मग चाळीस. मग अडतीस. मी भाकरी थापताना तो आकडा बघत राहायचो. एका सकाळी नानानं खिशातनं चिकटपट्टी काढली आणि बेरजेवर लावली. "बेरीज बघायची न्हाई," म्हणाला. रोज तीन वेळा येऊन तो वहीत आकडे लिहायचा. तिथंही बेरजेचा रकाना त्यानं कात्रीनं कापून टाकला. झाकला, खोटा लिहिला नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो.

एका दुपारी मी तिचं तिसऱ्यांदा आवरलं. पाठीची जखम चिघळली होती. वास. ऊन. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. चादर ओढताना माझ्या तोंडातनं गेलं, "सुटत का न्हाईस गं एकदाची!"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटले.

त्यानंतर अठरा दिवस ती जगली. मी पाया पडलो, बोललो, भरवलं. ती दोन घास गिळायची. पण माझ्याकडं बघितलं की डोळे मिटायची. राग होता का थकवा होता, मला काय माहीत? वाचा नाही, चेहरा वाकडा. सांगणार कशानं? एका सकाळी चहाचा चमचा तोंडाशी नेला तर ती नव्हती.

दहावा झाला, पाहुणे गेले. मी डबा वायरींसकट आत ठेवला, त्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. नानाची वही चुलीपाशीच राहिली होती. आकडे मला वाचता येतात. त्या दुपारच्या आधी: अधिक दोन, अधिक पाच, अधिक तीन. त्या दुपारनंतर: उणे चार. उणे सहा. उणे नऊ. अठरा दिवसांत एकदाही अधिक नाही. शेवटचा आकडा उणे अकरा.

वही घेऊन मी नानाकडं गेलो. तो काचेच्या बरणीतल्या गोळ्या मोजत होता. वही त्याच्यापुढं टाकली.

"वाच."

त्यानं वाचलं. "कवापासनं हे?"

"मी बोललो त्या दिवसापासनं." आणि मी काय बोललो ते त्याला सांगितलं. लेकीलाही सांगितलं नव्हतं. "ती मरेस्तवर भितीकडं सरकत गेली, नाना. माझ्यापासनं लांब."

नानानं चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. घातला. परत काढला. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

"आबा, त्या वक्ताला काट्यांत मुंग्या झाल्या व्हत्या ना?"

झाल्या होत्या. त्यानंच काटे काढून पुसले होते.

"परत लावताना वायर उलटी लागली."

"लागली असंल?"

"असंल न्हाई. लागलीच. डावी उजवीला, उजवी डावीला. माझ्या ध्यानात आलं व्हतं, सांगायची लाज वाटली. तिथनं पुढं उणं ते अधिक धरा."

"म्हंजी उणे अकरा..."

"म्हंजी तुमच्याकडं. पार कडंला आली व्हती. हात लांब केला असता तर लागली असती."

मी नानाच्या ओसरीवर पोरासारखा रडलो. नानानं पाणी आणलं. तांब्या पाटाच्या कडेला ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तिथनं मी थेट भानुदासच्या चहाच्या टपरीवर गेलो. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. माझं बोलणं कुणाला सांगितलं नाही, पण वायरीचं सांगितलं. "आमचा नाना चुकला! छत्तीस वर्षं म्हणत व्हता, आन् माझ्या घरात वायर उलटी!" मी हसत होतो. सगळे हसले. गावाला काय, असं काहीतरी पाहिजेच असतं.

दुसऱ्या दिवसापासून मधीनाना गेला आणि उलटी वायर आली. "या उलटी वायर, च्या घ्या. कप सरळ धरा." "उलटी वायर, खुटबावची वाट हिकडं, का तुमची तिकडनं?" ग्रामसभेत तो उठला की सरपंच म्हणायचा, "बसा, तुमचं डावं-उजवं आधी ठरवा." नाना म्हणायचा, "व्हय. चुकलं." एवढंच. मिश्राची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली नाही. लोकांचे तांबे सरकवायचं थांबवलं. रस्त्याच्या कडेनं स्कूटर चालवू लागला.

मला वाईट वाटायचं. पण माझं पोट भरलं होतं. हौसा माझ्याकडं वळून गेली. दुसऱ्याच्या वाईटाला पोटात जागा कुठली?

दोन-अडीच महिन्यांनी नानाचे काटे परत द्यावेत म्हणून मी खोली उघडली. कुलपाला गंज चढला होता, आत कुणीही गेलं नव्हतं. वायरी काढायला वाकलो आणि थांबलो. हिरवी चिंधी हिरवीला. तांबडी तांबडीला.

चिंध्या चुकल्या असतील, म्हणून मी बाजरीचं अर्धं पोतं ओढत आणलं. डबा चालू केला. पोतं भिंतीकडच्या कडेला टाकलं.

उणे.

माझ्या खाटेकडं ओढलं.

अधिक.

तीनदा केलं. मग पोतं तिथंच राहिलं आणि मी खाली बसलो.

तिसऱ्या प्रहरी काटे घेऊन नानाकडं गेलो. चारी वायरींची गुंडाळी केली होती, हिरवी हिरवीबरोबर, तांबडी तांबडीबरोबर. त्यानं गुंडाळी हातात घेतली. चिंध्यांवरून बोट फिरवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"चालू करून बघितलं?" त्यानं विचारलं.

"पोतं ठिवलं व्हतं."

"हं."

आत जाऊन त्यानं चहा केला. दोन कप. बशी नाही. खाली बसताना म्हणाला, "बीम भितीकडं गेला की मशीन त्याला हळूच मधी आणतं, आबा. आणता येतं. माणूस गेल्यावर आणता येत न्हाई. मग आकडाच सरकवावा लागतो." मग म्हणाला, "माझ्याकडं तर आकडाबी न्हाई. क्वार्टरमधी ती कुण्या कुशीवर गेली, मला ठावं न्हाई."

आम्ही चहा प्यालो. बाहेरून ट्रॅक्टरवाला ओरडत गेला, "ओ उलटी वायर!" नानानं हात वर केला, जसा रामरामाला करतात तसा.

तेव्हा मी उठून रस्त्यावर जाऊन सांगायला पाहिजे होतं. गेलो नाही. त्याचं नाव सरळ करायचं तर हौसाला परत भिंतीकडं वळवावं लागतं, आणि ती का वळली तेही सांगावं लागतं. दोन उन्हाळे झाले. रोज टपरीवर त्याला हाक मारतात, रोज तो म्हणतो, "व्हय, चुकलं," आणि मी शेजारी बसून चहा फुंकतो.

आता माझीही बेरीज कमी होत चाललीय. भानुदासला हे टपरीवर वाचायला देणार आहे, मोठ्यानं. म्हणून नीट लिहितो.

मी माझ्या आजारी बायकोला मर म्हणालो. ती भिंतीकडं सरकली. शेवटपर्यंत तिकडंच होती. तिचं काही चुकलं नाही.

आणि नानाची वायर सरळ होती.